देवीला जाऊन बरेच दिवस झाले

“देवीला जाऊन बरेच दिवस झाले, नाही?”

आई हे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात म्हणायची. बाबांचा पगार झालेला असायचा, वाण्याचं आणि दूधवाल्याचं देणं भागलेलं असायचं, आणि कपाटातल्या डब्यात चार पैसे अजून शिल्लक असायचे. बाबा पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, “रविवारी जाऊन येऊ.” आजी जपाची माळ थांबवून डोंगराच्या दिशेने हात जोडायची. दादा आणि मी एकमेकांकडे बघून गालातल्या गालात हसायचो, कारण देवीच्या पाठोपाठ काय येतं ते आम्हांला ठाऊक होतं. चामुंडी डोंगराच्या पायऱ्या, नंदी, दर्शन, आणि मग खाली म्हैसूरच्या नजरबादेत लोण्याचा दोसा.

आमच्या घरात देवळाशिवाय हॉटेल नव्हतं. नुसतं खायला म्हणून उठून बाहेर जायचं, ही कल्पनाच कुणाला सुचत नसे. देवाला जायचं, आणि देवाहून येताना उशीर झाला, घरी जाऊन चूल कधी पेटणार, म्हणून वाटेत खायचं. असा तो क्रम होता आणि तो कधी मोडला नाही.

बाबा मूळचे मिरजेचे. सीएफटीआरआय म्हणजे केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेत प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले आणि म्हैसूरचे झाले. चेलुवांबा मॅन्शन या राजवाड्यात 1950 साली ही संस्था सुरू झाली. म्हशीच्या दुधापासून तान्ह्या मुलांचं खाणं बनवायची पद्धत तिथेच बसवली गेली आणि पुढे अमूलने ती वापरली. बाबांना या गोष्टीचा इतका अभिमान होता की पाहुण्यांना चहाबरोबर ती हमखास ऐकायला मिळे. आमचं घर वाणी विलास मोहल्ल्यात, भाड्याचं, कौलारू. आसपास मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. घरात मराठी, अंगणात कन्नड. 1973 मध्ये राज्याचं नाव म्हैसूरचं कर्नाटक झालं तेव्हा मी शाळेत नुकतीच जाऊ लागले होते. 2014 मध्ये शहराचं नाव सरकारदरबारी मैसूरु झालं. मराठी माणूस मात्र म्हैसूरच म्हणतो, आणि मला ते आवडतं, कारण त्यात महिषासुराची म्हैस अजून ऐकू येते.

तर रविवार. आजी आणि बाबा 201 नंबरच्या बसने वर जायचे, आई आणि आम्ही दोघं पायऱ्यांनी. हजारावर पायऱ्या आहेत. सतराव्या शतकात म्हैसूरचे राजे दोड्ड देवराज वडेयर यांनी त्या बांधून घेतल्या. खालच्या पायऱ्या अरुंद, झिजलेल्या, मधोमध खोलगट झालेल्या. उजाडायच्या आधी निघालं की दगड गार असायचा आणि अनवाणी पायांना तो गारवा घोट्यापर्यंत चढायचा. पुष्कळ बायका प्रत्येक पायरीला हळद आणि कुंकू लावत वर जातात. नवस असतो. वाकायचं, हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, उठायचं, पुढची पायरी. दादाला विषमज्वर झाला होता त्या वर्षी आईनेही तो नवस फेडला. मी हातात वाटी धरून तिच्या मागे होते. निम्म्यावर तिची कंबर धरली, ती बसली, घोटभर पाणी प्यायली आणि पुन्हा वाकली. तीन दिवस तिच्या बोटांची नखं पिवळी होती. पोळी लाटताना ती बोटं बघत बसायची सवय मला तेव्हा लागली.

सातशेएक पायऱ्या झाल्या की नंदी येतो. एका अखंड दगडाचा, सुमारे पंधरा फूट उंच, तेल-लोण्याने काळाभोर चकाकणारा, गळ्यात दगडातच कोरलेल्या घंटांच्या माळा. तिथे एक बाई टोपलीत काकडी आणि कैऱ्या घेऊन बसायची. काकडी उभी चिरून, आत तिखट-मीठ भरून द्यायची. आम्हांला मात्र ती मिळायची नाही. “दर्शनाआधी खायचं नाही,” आई म्हणायची. खरं कारण मला फार उशिरा कळलं. काकडीने पोट भरलं तर खालचा दोसा पुरता खाल्ला जाणार नाही, ही तिची काळजी होती. बाहेर खायला मिळणार ते महिन्यातून एकदा, त्यातली भूक वाया घालवायची तिची तयारी नव्हती.

वर पोचलं की सात मजल्यांचं गोपुर, आणि बसथांब्याजवळ हातात तलवार आणि नाग घेतलेला, मिशा पिळलेला महिषासुर. आजी त्याच्याकडे न बघता पुढे जायची. आषाढातले शुक्रवार इथे फार मोठे असतात, डोंगर माणसांनी भरून वाहतो. आजीचा आषाढ पंढरपूरचा. तिला हे सुरुवातीला जड गेलं. मग तिने स्वतःच तोडगा काढला. एकादशीला विठोबाचा उपास करायची आणि शुक्रवारी देवीला ओटी पाठवायची. गाभाऱ्यात अंधार, समईचा उजेड, मोगऱ्याचा वास. तीर्थ, कुंकू, आणि कधी मिळाला तर द्रोणात पुळियोगरे. चिंचेचा तो काळसर भात, त्यात शेंगदाणे आणि कढीपत्त्याचं एखादं पान. आम्ही चौघं-पाचजण एका द्रोणातून चिमूट चिमूट घ्यायचो.

आणि मग खाली, नजरबाद.

विनायक मैलारी हे त्या हॉटेलचं नाव. 1938 पासूनचं. लहानशी खोली, मोजकी टेबलं, बाहेर उभं राहणारी माणसं. आत जागा झाली की लगेच शिरायचं, कारण मागे पाचजण थांबलेले. मुंबईत ‘मैसूर मसाला’ म्हणून जे देतात, ते खाऊन म्हैसूरचा दोसा खाल्ला असं कुणी समजू नये. इथला दोसा हातभर लांबही नसतो आणि कडकही नसतो. तळहाताएवढा, मऊ, खालून सोनेरी, वरून जाळीदार. तो केळीच्या पानाच्या तुकड्यावर येतो. आत पातळसं सागू, म्हणजे कांदा आणि मसाल्याची मऊ भाजी, आणि वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. दोसा समोर येईपर्यंत तो गोळा बाजूने वितळायला लागलेला असतो आणि मध्ये अजून घट्ट असतो. ती वेळ धरून पहिला घास घ्यायचा. बाजूला नारळाची चटणी. सांबार नाही, आणि त्याची आठवणही होत नाही.

1978 च्या सुमाराचा तो हिशेब मला पाठ आहे, कारण बाबा तो माझ्याकडून तोंडी करून घ्यायचे. मोठ्यांना एकेक, दादाला आणि मला एकेक, शिवाय आम्हां दोघांत आणखी एक, निम्मा-निम्मा. शेवटी एक कॉफी, वन बाय टू. हे ‘बाय टू’ म्हैसूर-बेंगळुरूच्या हॉटेलांचं मोठं दातृत्व आहे असं मला मनापासून वाटतं. एका कॉफीचे पैसे आणि दोन पेले. मागताना लाज नाही, देणाऱ्याच्या कपाळाला आठी नाही. गल्ल्यावरचा माणूस आत ओरडून सांगायचा, “ओंदु कॉफी, बाय टू!” आणि पोऱ्या दोन स्टीलचे पेले आपटून ठेवायचा, त्यांत अर्धी-अर्धी, वर फेसाची टोपी. आई आणि बाबा ती कॉफी पाच मिनिटं पुरवायचे. बसचं भाडं धरून सगळं दहाच्या नोटेत आणि वरच्या चिल्लरीत बसायचं. ते पैसे बाबा आदल्या रात्रीच वेगळे काढून खिशात ठेवत.

आजीचं खाणं हा स्वतंत्र प्रश्न होता. ती सोवळ्यातली. पहिली काही वर्षं ती आमच्याबरोबर बसून पदरात बांधून आणलेलं केळं खायची. दोसा पुढे आला की विचारायची, “करणारा कोण?” बाबा उत्तर द्यायचे नाहीत. तिच्या तरुणपणी हॉटेलांवर जातीच्या पाट्या असायच्या आणि बसायच्या जागाही वेगळ्या. त्या पाट्या गेल्या, फार चांगलं झालं. जुन्या काळाविषयी कितीही माया असली तरी त्या पाट्यांसाठी मी एक अश्रूही ढाळणार नाही. एकदा पावसात भिजून आम्ही आत शिरलो. आजी थंडीने कुडकुडत होती. आईने काही न बोलता आपल्या पानातला अर्धा दोसा तिच्यापुढे सरकवला. आजीने बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, “आई, देवीच्या पायथ्याचं आहे.” तिने डोळे मिटून हात जोडले आणि खाल्ला. त्यानंतर केळं कधी बांधलं नाही.

आणि आई. तिचा दोसा सगळ्यांच्या आधी संपायचा. मग ती हात धुवायला म्हणून उठायची आणि परत यायला वेळ लावायची. मोरीच्या वाटेवर स्वयंपाकघराचं दार होतं, तिथे ती पदराने हात पुसत उभी राहायची. आत मोठा काळा तवा. त्यावर पाणी मारलं की चर्र आवाज यायचा, केरसुणीने तो झटकला जायचा, मग वाटीने पीठ ओतून ती वाटी गोल फिरायची. एका ओळीत सहा, खाली सहा. लाकडाची धग, धुराने काळी पडलेली भिंत, घामाने निथळणारे दोन पुरुष. आई बघत राहायची. मला वाटायचं, ती दोसा करायची रीत शिकून घेते आहे. घरी तसे करून बघायची मी वाटही पाहायचे. तिने ते कधीच केले नाहीत.

येताना कधी सय्याजीराव रोडवर उतरायचो. तिथे बाबांची छाती जरा पुढे यायची. म्हैसूरच्या मुख्य रस्त्याला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं नाव, आणि हे सयाजीराव जन्माने नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकऱ्याचं पोर! आमच्यासारख्या परमुलखात आलेल्या मराठी कुटुंबाला त्या पाटीचा आधार वाटायचा. त्याच रस्त्यावर गुरु स्वीट मार्ट. कृष्णराज वडेयर चौथे यांच्या मुदपाकखान्यात काकासुर मादप्पा नावाचे आचारी होते. म्हैसूरपाक त्यांनी केला आणि हे दुकान त्यांच्याच वंशजांचं. तिथून शंभर ग्रॅम म्हैसूरपाक, देवराज मार्केटातून मोगऱ्याचा गजरा आणि विड्याची पानं. बस्स. रविवारी संध्याकाळी राजवाड्यावरचे दिवे लागत, जवळजवळ लाखभर बल्ब एका क्षणात, आणि ते पाहायला पैसे पडत नसत. पण सकाळी डोंगर आणि संध्याकाळी दिवे असा चैनीचा रविवार वर्षातून एखादाच.

नंजनगूडलाही आम्ही वर्षातून एखाद्याच वेळी जायचो. पंचवीसेक किलोमीटर, मीटर गेजची गाडी, कपिला नदी, श्रीकंठेश्वराचं अवाढव्य देऊळ. टिपू सुलतानाने ज्याला ‘हकीम नंजुंड’ म्हटलं आणि पाचूचं लिंग अर्पण केलं, तो हा देव, रोगराई बरी करणारा. येताना तिथलं गुलाबी दंतमंजन आणि रसबाळे केळी. आम्हां मुलांना नंजनगूड जास्त आवडायचं, नदीत डुंबायला मिळायचं म्हणून. आई मात्र जायचं म्हटलं की गप्प व्हायची. नंजनगूडला हॉटेलात खायची रीत नव्हती. घाटावर घरचा डबा सोडून बसायचं. म्हणजे आई पहाटे साडेतीनला उठून पोळ्या, भाजी, दहीभात, आजीचं वेगळं, सगळं करणार, बांधणार, नेणार, वाढणार, भांडी नदीत घासून परत आणणार. आम्ही डुंबत असायचो आणि ती घाटाच्या पायरीवर राखेने डबे घासत असायची. ‘नंजुंडेश्वराला जाऊन बरेच दिवस झाले’ असं आईच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही.

हे मला दिसत होतं, पण कळत नव्हतं. कळलं मुंबईत.

लग्न होऊन मी मुंबईला आले. नवऱ्याची नोकरी गोदीच्या बाजूला, म्हणून डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळ भाड्याची खोली. माझगावात नवाब टँक रोडवर एक चिनी देऊळ आहे, सी युप कून. 1919 मधलं. गोदीत, जहाजांवर कामाला आलेल्या चिनी लोकांनी उभं केलेलं. वरच्या मजल्यावर क्वान कुंग, म्हणजे सुमारे 1800 वर्षांपूर्वीचा एक सेनापती, वचनाला जागला म्हणून देवपदाला पोचलेला. ताओ पंथाच्या देवांत त्याला मोठा मान. एकेकाळी माझगावात चिनी वस्ती बरीच होती. 1962 च्या युद्धानंतर देशातल्या कितीतरी चिनी वंशाच्या कुटुंबांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत कोंडलं गेलं, कितीतरी देश सोडून गेली आणि इथली वस्तीही विरळ झाली. देऊळ राहिलं. चिनी नववर्षाला तिथे लाल कंदील लागतात आणि उरलेली घरं जमतात.

आई पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आली ती नेमकी त्या दिवसांत. मी तिला घेऊन गेले. उदबत्त्यांच्या धुराने डोळे चुरचुरत होते. देवापुढे संत्री रचलेली. एक म्हातारी बाई बांबूच्या नळकांड्यातल्या काड्या खुळखुळवत होती. एक काडी बाहेर पडली, तिच्यावर आकडा, त्या आकड्याचं भविष्य लिहिलेलं. आईचं आजोळ रत्नागिरीकडचं. ती लगेच माझ्या कानाशी लागली, “अगं, हा तर कौल!” आपल्याकडे गुरव देवाच्या अंगाला तांदूळ किंवा फुलं लावतो, उजवं पडलं की हो, डावं पडलं की नाही. तिला परकं असं काही वाटलंच नाही. त्या बाईने देवापुढचं एक संत्रं उचलून आईच्या हातात ठेवलं. आईने ते कपाळाला लावलं.

जिना उतरून आम्ही रस्त्यावर आलो. आईने पदर सारखा केला आणि अगदी सहज, म्हैसूरच्या सुरात विचारलं, “मग आता खायला कुठे?”

मी तिथे थांबले. तेव्हा माझ्या लग्नाला चार वर्षं झाली होती. चार वर्षं रोज दोन वेळा मी त्या एका खोलीत स्टोव्हपुढे उभी होते आणि ‘आज मला कंटाळा आलाय’ हे वाक्य माझ्याही तोंडून एकदा निघालं नव्हतं. आईच्या घरात तर ते वाक्य नव्हतंच. सासूपुढे, नवऱ्यापुढे, मुलांपुढे ते म्हणायची सोय तिच्या पिढीला नव्हती. तिच्याजवळ होतं ते एवढंच, ‘देवीला जाऊन बरेच दिवस झाले.’ त्यात तिची भक्ती खरी होती, हजार पायऱ्यांना वाकलेली कंबर खरी होती. त्यातच महिन्यातली एक सकाळ होती, जेव्हा दुसरं कुणीतरी धगीपुढे उभं राहणार होतं आणि ती बसून गरम खाणार होती. त्या दाराशी उभं राहून ती दोसा शिकत नव्हती.

मी तिला भायखळ्याहून गाडीने माटुंग्याला नेलं, रामा नायकांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये. स्टेशनाला लागूनच. 1942 पासून तिथे केळीच्या पानावर पोटभर जेवण मिळतं. आई हळूहळू जेवली. रसम दोनदा घेतलं. माझ्या हातात कुणी वाढायला पातेलं देणार नव्हतं, तिच्याही नाही. आम्ही दोघी शेजारी बसलो होतो, आणि कितीतरी वर्षांत आई मला अशी शेजारी बसलेली मिळाली नव्हती.

आता म्हैसूरला जाते ती दादाकडे. आईही तिथेच असते, चौऱ्याऐंशीची आहे. बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. बेंगळुरूचा द्रुतगती महामार्ग मार्च 2023 मध्ये सुरू झाल्यापासून तिथली मंडळी दीड तासात म्हैसुरात पोचतात, शनिवार-रविवारी नजरबादेत रस्ताभर गाड्या लागतात आणि पाचजणांच्या जागी पन्नासजण उभे असतात. चांगलं आहे. त्या तव्याला एवढी माणसं मिळाली हे त्याचं भाग्यच. दहाच्या नोटेत बसणारं आमचं खाणं आता पाचशेच्या नोटेत बसत नाही. पण दादाच्या घरातल्या पाचशे रुपयांना बाबांच्या दहा रुपयांइतका विचार लागत नाही, हेही खरं. आदल्या रात्री कुणी पैसे वेगळे काढत नाही.

डोंगरही बदलला. वर बहुमजली वाहनतळ, दुकानं, तिकिटाच्या दर्शनाची वेगळी रांग. देवीच्या दारात पैशाने रांग तोडता यावी हे मला पटत नाही, आणि ते मी दादाशी दर वेळी भांडून सांगते. 2021 च्या पावसात नंदीकडे येणारा रस्ता खचला, डोंगराने जणू आपण किती भार सोसतो ते दाखवून दिलं. पण आषाढी शुक्रवारी खाजगी गाड्या खालीच अडवून सरकारी बसने माणसं वर नेतात, ते फार शहाणपणाचं. पायऱ्या तशाच आहेत. पहाटे गेलं तर हळदीची बोटं उमटलेली दिसतात.

वहिनीचं मात्र मला फार कौतुक वाटतं. तिला कंटाळा आला की ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणते, “आज मी काही करणार नाही.” मग दादा फोनवर बोटं फिरवतो आणि अर्ध्या तासात डबे येतात. तिला देवीचं निमित्त लागत नाही. आईसमोर हे पहिल्यांदा घडलं तेव्हा मी आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. ती वहिनीला म्हणाली, “बरं केलंस.” एवढंच. पण नंतर डब्यातला दोसा ताटात घेतला तेव्हा तो वाफेने मऊ पडून चिवट झाला होता आणि लोणी कागदाला लागून गेलं होतं. आईने तो सगळा खाल्ला. टाकायचं काही नाही, ही तिची शिकवण.

जून 2023 पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट पडत नाही. ‘शक्ती’ म्हणतात त्या योजनेला. वहिनी आणि तिच्या मैत्रिणी नंजनगूडला तशा जातात, डबा न घेता. देवळात दासोह असतो, अन्नदान. बसवण्णा, म्हणजे आपले बसवेश्वर, आणि त्यांच्या शरणांच्या, म्हणजे भक्तमंडळींच्या काळापासूनचा हा शब्द. जो येईल तो पंगतीला बसतो, भात-सारू, म्हणजे भात आणि पातळ आमटी, घेतो, कुणी नाव-गाव विचारत नाही. चामुंडीवरही दासोह आहे. शहरात इंदिरा कँटीन आहेत, पाच रुपयांत नाश्ता आणि दहा रुपयांत जेवण देणारी. तिथे हमाल, विद्यार्थी, खेड्यातून इस्पितळात आलेली कुटुंबं एका रांगेत थाळी धरून उभी असतात. परवडणारं बाहेरचं खाणं कुठे गेलं असं कुणी हळहळलं की मी त्यांना आधी ही रांग बघायला सांगते. वहिनी पहिल्यांदा नंजनगूडहून आली तेव्हा आईने तिला विचारलं, “घाटावर भांडी कुणी घासली?” वहिनी म्हणाली, “आई, भांडी नव्हतीच.” आई बराच वेळ विचार करत होती.

मागच्या खेपेला मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा पिताना म्हणाली, “देवीला जाऊन बरेच दिवस झाले, नाही?”

दादाने पेपरातून डोकं वर काढलं. तेच डोकं, तेच टक्कल, बाबांचं.

गाडीने वर गेलो. म्हाताऱ्या माणसांना वेगळ्या दाराने सोडतात, तिला चाकाच्या खुर्चीतून नेलं. कुंकू लावून घेतलं. द्रोणात पुळियोगरे मिळाला तो आम्ही चिमूट चिमूट वाटून घेतला. उतरताना नंदी लांबूनच, झाडांच्या वरून नुसती पाठ दिसली. नजरबादेत तासभर थांबलो. दादा म्हणाला, दुसरीकडे जाऊ, तिथे गार हवेची खोली आहे, बसायला गाद्या आहेत. आईने मान हलवली. गाडीत बसून राहिली, दाराकडे बघत.

शेवटी जागा झाली. दोसा आला, पानावर, लोण्याचा गोळा अर्धा वितळलेला. आईने निम्मा खाल्ला आणि निम्मा माझ्याकडे सरकवला. दादाने सगळ्यांना एकेक कॉफी मागवली. “मला एवढी नको,” आई म्हणाली, “बाय टू सांग.” पोऱ्याने ऐकलं. नवा होता, विशीचाही नसेल. तो आत वळून ओरडला, “ओंदु, बाय टू!” दोन पेले आले. एक तिने घेतला, दुसरा दादापुढे ठेवला.

मग ती हात धुवायला उठली. मी तिच्या कोपराला धरून चालले. मोरी आता आरशाची आणि फरशीची झाली आहे, पण वाट तीच. दाराशी ती थांबली. आत तवा तेवढाच काळा. पाणी पडलं, चर्र झालं, केरसुणी फिरली, वाटी गोल गोल जाऊ लागली. एका ओळीत सहा. आईने पदराने हात पुसले आणि चौकटीला टेकून उभी राहिली. तव्यामागचा माणूस घाम पुसत वर बघून म्हणाला, “एनु बेकु, अज्जी?” काय हवंय, आजी?

“एनू बेड,” आई म्हणाली. काही नको. “नोडता इद्दीनि.” बघतेय.

त्याने मान डोलावली आणि पुढचे सहा ओतले.